सायकलींची वाट कोणी मोकळी केली?

पिंपरीच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षे सायकलने कामावर गेलेल्या एका कामगाराची मुलगी सध्या हॉलंडातील डेल्फ्ट येथे जलव्यवस्थापनाचे उच्च शिक्षण घेत आहे. पाणी, बांध आणि कालवे यांविषयी शिकण्यासाठी गेलेल्या या मुलीच्या घरी येणाऱ्या पत्रांत पाण्यापेक्षा सायकलीच अधिक असतात. ही पत्रे वस्तीतील कार्यकर्त्यांच्या हातून फिरत राहिली आणि त्यांवर बरीच चर्चाही झाली. त्या चर्चेत जो प्रश्न निघाला तो केवळ वाहतुकीचा नाही. म्हणून त्याची येथे दखल घेणे अगत्याचे आहे.

पत्रांतील निरीक्षणे ताजी आणि प्रामाणिक आहेत. पहिल्या आठवड्यात तिने एक जुनी, गंजलेली सायकल घेतली. तिला हाताने दाबायचा ब्रेक नव्हता. पायडल उलटे दाबले की सायकल थांबे. पहिल्या दिवशी एका वळणावर मोटार येताना दिसली तेव्हा येथील सवयीने ती पाय टेकून उभी राहिली. मोटारही थांबली. दोघेही थांबलेले. अखेर मोटारचालकाने हाताने खूण केली, कारण वाट तिची होती. हा प्रसंग तिने वडिलांना दोनदा लिहून कळवला आहे. तांबड्या डांबराचा सायकलमार्ग मोटारीच्या रस्त्यापासून उंचवट्याने किंवा झाडांच्या रांगेने वेगळा असतो. चौकात त्याला स्वतःचा सिग्नल असतो. मोठा रस्ता आडवा आला तर सायकल खालच्या बोगद्यातून जाते. सूट घातलेले प्राध्यापक सायकलवरून विद्यापीठात येतात, सत्तरीच्या आजीबाई बाजार करून येतात, पुढे लाकडी पेटी जोडलेल्या तीनचाकीत दोन-तीन पोरे बसवून आया शाळेत जातात. पावसात जातात, वाऱ्यातही जातात. डोंगर नसलेल्या या देशात समोरचा वारा हाच चढ, असे तिथले लोक गमतीने म्हणतात. उत्रेख्त स्थानकाखाली १२,५०० सायकली ठेवता येतील असा प्रचंड सायकलतळ आहे. तो पाहून आल्यावर तिने लिहिले, की आपल्याकडे मोटारींसाठीही अशी सोय नाही. तिसऱ्या महिन्यात तिची सायकल चोरीला गेली. याचेही तेथे कोणाला आश्चर्य वाटले नाही.

या सगळ्यावरून तिने काढलेला निष्कर्ष मात्र तपासून घेतला पाहिजे. ती लिहिते, ‘सायकल या लोकांच्या रक्तातच आहे. आपल्या लोकांना ही शिस्त कधी येणार?’ परदेशी गेलेल्या बुद्धिमान तरुणांच्या पत्रांत हे वाक्य वारंवार आढळते. ते नम्रतेने लिहिलेले असते, आणि म्हणूनच अधिक घातक असते. एखाद्या देशाची रस्तेव्यवस्था ही त्या देशाच्या रक्ताची, हवेची किंवा भूगोलाची देणगी आहे असे एकदा मानले की ती मिळवण्यासाठी काही करण्याची गरजच उरत नाही.

भूगोलाचे म्हणाल, तर १९७१ साली हॉलंड आजच्याइतकाच सपाट होता. त्या एका वर्षात तेथील रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मृत्युमुखी पडली. लोकसंख्या अवघी १ कोटी ३० लाखांच्या आसपास. मृतांत ४०० हून अधिक लहान मुले. सायकलस्वारांची संख्या वर्षामागून वर्षे घटत होती. शिस्त, संस्कृती आणि रक्त तेव्हाही तेच होते.

त्याही मागे गेले तर चित्र अधिक उद्बोधक आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान हॉलंडात सायकल हे कष्टकऱ्यांचे वाहन होते आणि म्हणूनच सरकारला ते करवसुलीचे सोयीचे साधन वाटले. १९२४ साली सायकलींवर कर बसवण्यात आला. कर भरल्याची खूण म्हणून पितळेचा एक लहानसा बिल्ला सायकलला लावावा लागे. बेकारांना हा बिल्ला फुकट मिळे, पण त्याला मध्ये भोक पाडलेले असे. म्हणजे रस्त्याने जाणारा सायकलस्वार बेकार आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दुरूनच कळावे! या कराच्या उत्पन्नाचा हिस्सा पुढे रस्ते बांधण्याच्या निधीत जाऊ लागला आणि त्या निधीतून जे हमरस्ते झाले ते मुख्यतः मोटारींसाठी होते. सायकलवाल्याने पैसे भरायचे आणि मोटारवाल्याने रस्ता वापरायचा, हे गणित हॉलंडातही काही काळ चालले. हा कर रद्द झाला तो १९४१ साली, तोही जर्मनांच्या अमलाखाली. लोकशाही सरकारला ते सुचले नव्हते. ज्या राष्ट्रीय संघटनेची स्थापना १८८३ साली सायकलस्वारांसाठी झाली होती, ती कालांतराने मोटारमालकांची बलाढ्य संघटना बनली. सायकलस्वारांना १९७५ साली आपली स्वतंत्र संघटना काढावी लागली, आणि तिच्या नावात त्यांनी मुद्दाम ‘खरी’ हा शब्द घातला.

दुसऱ्या महायुद्धानंतर सुबत्ता आली आणि तिच्याबरोबर मोटार आली. शहरांनी मोटारीपुढे लोटांगण घालावे हे तेव्हाच्या नियोजनकारांना स्वयंसिद्ध वाटत होते. १९५४ साली ॲमस्टरडॅमच्या पोलीस प्रमुखाने शहरातील काही ऐतिहासिक कालवे बुजवून तेथे वाहनांसाठी रस्ते करावेत अशी सूचना केली. १९६७ साली योकिनेन या अमेरिकन तज्ज्ञाने मोटारधार्जिण्या संस्थेच्या वतीने ॲमस्टरडॅमसाठी एक आराखडा मांडला. जुन्या कामगार वस्त्या पाडून शहराच्या गाभ्यापर्यंत रुंद रस्ते न्यावेत हा त्याचा आशय. उत्रेख्तमध्ये तर जुन्या शहराभोवतीच्या खंदकाचा एक भाग १९७० च्या दशकात खरोखरच बुजवून तेथे मोटारींचा महामार्ग करण्यात आला. आज जे पर्यटक हॉलंडचे कालवे पाहून हरखून जातात, त्यांना हे सहसा कोणी सांगत नाही.

मग हे चित्र बदलले कसे? ॲमस्टरडॅमच्या प्रोव्हो तरुणांची १९६५ सालची पांढऱ्या सायकलींची मोहीम पुष्कळांना ऐकून माहीत असते. लुड स्किमेलपेनिंक यांची ती कल्पना: सार्वजनिक मालकीच्या, कुलूप नसलेल्या सायकली, ज्याला हवी त्याने वापरावी. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण कुलूप न लावता सायकल सोडणे बेकायदेशीर होते. ही मोहीम कल्पक होती यात संशय नाही. परंतु मूठभर कल्पक तरुणांनी राज्यकर्ते हलत नाहीत. राज्यकर्ते हलले ते मुलांच्या मृत्यूंमुळे, आणि त्या मृत्यूंना आयांनी राजकीय रूप दिले म्हणून.

व्हिक लांगेनहॉफ हा ‘दे टाइड’ या दैनिकाचा पत्रकार. त्याची सहा वर्षांची मुलगी रस्त्यावर मोटारीखाली सापडून मरण पावली. १९७२ साली त्याने आपल्या पत्रात ‘स्टॉप दे किंडरमोर्ट’, म्हणजे ‘ही बालहत्या थांबवा’, अशा मथळ्याचा लेख लिहिला. ‘अपघात’ हा शब्द त्याने टाळला, यातच सगळे आले. अपघात हा दैवाचा भाग असतो आणि दैवाविरुद्ध मोर्चा काढता येत नाही. हत्येला मात्र हत्यारा असतो आणि त्या हत्येला मुभा देणारी व्यवस्थाही असते. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. मार्त्ये व्हान पुटेन ही ॲमस्टरडॅममधील तरुण आई तिची पहिली अध्यक्ष. पुढे ती मजूर पक्षातर्फे युरोपीय संसदेत निवडून गेली. या बायकांनी रस्ते अडवून तेथे मुलांना खेळायला सोडले, सायकलमोर्चे काढले, धोक्याच्या चौकांचे नकाशे घेऊन त्या अधिकाऱ्यांच्या दारात बसल्या. पंतप्रधान योप डेन आउल यांच्या घरापर्यंत सायकलींवरून जाऊन त्यांनी गाणी म्हटली. दिवाणखान्यापर्यंत त्यांना प्रवेश मिळाला नाही, पण पंतप्रधान बाहेर येऊन त्यांचे म्हणणे ऐकून गेले. ॲमस्टरडॅमच्या दे पैप या दाटीवाटीच्या कामगार वस्तीत तर मुलांनीच सह्या गोळा करून आपली गल्ली मोटारींना बंद करण्याची मागणी केली. १९७२ साली दूरचित्रवाणीने त्याचा माहितीपट केला. गल्लीच्या तोंडाशी मुलांनी लावलेले अडथळे चिडलेले मोटारवाले ढकलून देत आहेत, हे दृश्य त्यात आहे. आपल्या वस्तीत हा वाद होणार म्हणून घाबरणाऱ्या कार्यकर्त्याने तो माहितीपट अवश्य पाहावा.

त्यातच १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी हॉलंडचा तेलपुरवठा तोडला. ४ नोव्हेंबर १९७३ पासून रविवारी मोटारी चालवण्यास बंदी आली. निर्मनुष्य झालेल्या महामार्गांवर पोरे सायकली हाकू लागली, कोणी चाकांचे स्केट्स बांधून निघाले, कोणी घोडे आणले. महामार्ग शांत असू शकतो हे एका पिढीने त्या रविवारी डोळ्यांनी पाहिले. १ डिसेंबरला डेन आउल यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला सांगितले की तेलसंकटापूर्वीचे जग आता परत येणार नाही. मजूर पक्षाच्या या नेत्याचे सरकार आघाडीचे होते आणि वाहतूक खाते कॅथलिक पक्षाच्या मंत्र्याकडे होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे; सायकलमार्गांसाठी नगरपालिकांना केंद्राचे अनुदान मिळू लागले ते त्याच खात्यातून. सारे श्रेय आपल्याच विचाराच्या लोकांना देण्याचा मोह इतिहास लिहिताना आवरावा लागतो.

आणि येथेच, पक्षाच्या कार्यकर्त्यांनी सर्वांत अधिक काळजीने वाचावे असे एक प्रकरण आहे. मोटारींसाठी वस्त्या पाडण्याचे आराखडे ॲमस्टरडॅममध्ये केवळ भांडवलदारांनी पुढे रेटले, असे नाही. त्या शहराच्या कारभारात मजूर पक्षाचे वजन फार मोठे होते आणि भुयारी रेल्वे व रुंद रस्ते यांसाठी न्यूमार्क्ट ही जुनी वस्ती मोकळी करण्याच्या धोरणामागे त्याच पक्षाचे ज्येष्ठ कारभारी होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. कामगाराला नवे, हवेशीर घर शहराबाहेर मिळावे, त्याच्याकडेही मोटार असावी आणि त्याने झटकन कामावर यावे, ही त्यांची प्रगतीची कल्पना होती. श्रीमंताकडे जे आहे ते गरिबालाही मिळणे म्हणजे समता, इतका हा साधा विचार. त्यात एकच उणीव होती. रस्त्याची जागा धान्यासारखी पिकवता येत नाही. एका मोटारीला जेवढी जागा लागते तेवढ्यात अनेक सायकली मावतात. म्हणून प्रत्येकाला मोटार देण्याचे अभिवचन शहरात पाळायचे तर ज्यांना मोटार परवडत नाही त्यांच्या घरांवरूनच रस्ता न्यावा लागतो. न्यूमार्क्टच्या रहिवाशांनी हे ओळखले होते. १९७२ साली नगरपरिषदेत त्या वस्तीतून जाणारा रुंद रस्ता एका मताने नामंजूर झाला. भुयारी रेल्वेसाठी घरे मात्र पाडलीच गेली, आणि १९७५ साली त्यावरून रहिवासी व पोलीस यांच्यात रस्त्यावर चकमकी झडल्या. समाजवादी कारभाऱ्यांच्या नगरात समाजवादी तरुणांवर पाण्याचे फवारे मारले गेले. पुढे पाडलेल्या जागी रस्ता न होता घरेच झाली, ती या लढ्यामुळे.

मजूर पक्षात १९६६ पासून ‘नवे डावे’ नावाचा जो गट जुन्या नेतृत्वाशी भांडत होता, त्याची ही पार्श्वभूमी. या भांडणाचे सर्वांत मूर्त फळ मिळाले ते राजधानीत नव्हे, उत्तरेकडील ग्रोनिंगेन या विद्यापीठाच्या शहरात. तेथे मजूर पक्षाची तरुण मंडळी नगरपालिकेत आली. मॅक्स व्हान डेन बर्ग हा त्यांतला कर्ता माणूस. नगरपालिकेच्या कार्यकारी मंडळावर तो विशीतच निवडला गेला आणि वाहतूक व नगररचना त्याने स्वतःकडे घेतली. त्याची योजना कागदावर फार सोपी दिसते. शहराच्या मध्यभागाचे चार भाग करायचे. पायी किंवा सायकलने एका भागातून दुसऱ्यात सरळ जाता येईल. मोटारीने जायचे असल्यास मात्र बाहेरच्या वळणरस्त्याने फिरून यावे लागेल. कोणाची मोटार जप्त केलेली नाही, कोणाला दंड नाही. मोटार लांबून जाईल आणि सायकल जवळून जाईल, एवढाच फरक.

यावर गहजब झाला. दुकानदार खवळले. गिऱ्हाईक मोटारीने येते, मोटार आली नाही तर धंदा बसेल, अशी त्यांची खात्री होती. व्हान डेन बर्गला धमक्या आल्या. योजना टप्प्याटप्प्याने आणली तर प्रत्येक टप्प्यावर ती अडवली जाईल हे ओळखून १९७७ च्या सप्टेंबरात एका रात्रीत शहरभर पाट्या बदलण्यात आल्या आणि सकाळी मोटारवाले उठले तेव्हा शहराची रचना बदललेली होती. यात लोकशाहीचा संकोच झाला काय, असा प्रश्न विचारता येईल आणि तो विचारायलाही हवा. उत्तर असे, की योजनेवर वर्षानुवर्षे उघड चर्चा झाली होती, नगरपालिकेत तिच्यावर मतदान झाले होते आणि निवडणुकीत तिचा जाब देण्यास तो पक्ष तयार होता. एका रात्रीत झाली ती फक्त पाट्यांची अदलाबदल. आज ग्रोनिंगेनमधील निम्म्याहून अधिक फेऱ्या सायकलने होतात, आणि दुकाने बसली नाहीत. व्हान डेन बर्ग १९७९ मध्ये मजूर पक्षाचा अध्यक्ष झाला.

चुकाही झाल्या, आणि त्यांतून शिकण्याची तयारी होती हे महत्त्वाचे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर सरकारने हेग व टिलबर्ग या शहरांत एकेक उत्तम सायकलमार्ग नमुन्यादाखल बांधला. हेगमध्ये दुकानदारांनी आकाशपाताळ एक केले. मार्ग देखणे होते आणि त्यांवर सायकली दिसतही होत्या. पण त्यांतील पुष्कळ आजूबाजूच्या गल्ल्यांतून तिकडे वळलेल्या. नव्याने सायकल हाती घेणारे थोडेच निघाले. एकच चांगला रस्ता आणि त्याच्या दोन्ही टोकांना पुन्हा तोच धोका, अशी रचना कोणालाही घराबाहेर काढत नाही. म्हणून १९८० च्या दशकात डेल्फ्टमध्ये सबंध शहराचे जाळे विणण्यात आले: शहर ओलांडणारे मोठे मार्ग, त्यांना जोडणारे मधले, आणि वस्तीतील पोराला शाळेपर्यंत नेणारे छोटे. तुटलेले दुवे जोडण्यावर भर होता. कोठे एखादा पूल, कोठे एखादा बोगदा. पिंपरीच्या मुलीने पहिल्या दिवशी जो तांबडा रस्ता पाहिला त्याच्यामागे हा फसलेला प्रयोग आहे. त्याच शहरात त्याआधी निवासी गल्ल्यांची एक नवी रीत निघाली होती, जिच्यात रस्ता खेळणाऱ्या मुलांचा आणि मोटार पाहुणी. १९७६ साली तिला कायद्याने मान्यता मिळाली.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना येथे यान टिनबर्गन यांची आठवण होणे साहजिक आहे. १९६९ मध्ये अर्थशास्त्रातले पहिले नोबेल पारितोषिक ज्या दोघांना विभागून मिळाले त्यांपैकी हे एक, आणि मजूर पक्षाचे जुने सभासद. जितकी उद्दिष्टे तितकी स्वतंत्र साधने सरकारच्या हाती हवीत, हा त्यांचा सिद्धान्त. एकाच हत्याराने दोन लक्ष्ये साधण्याचा हट्ट धरला की दोन्ही हुकतात. हॉलंडची वाहतूकनीती या कसोटीवर पाहिली तर सायकलमार्ग हे अनेकांतील एक साधन असल्याचे दिसते. मोटार उभी करण्याचे भाडे हे दुसरे. गावे विस्कळीत न वाढू देता स्थानकाच्या आसपास वसवणे हे तिसरे. रेल्वे आणि सायकल यांची सांगड हे चौथे, कारण सायकल पाच किलोमीटरांची राणी आहे, पन्नास किलोमीटरांची नव्हे. आणि कायदा हे पाचवे. सायकलस्वाराला किंवा पादचाऱ्याला मोटारीने धडक दिली तर तेथे नुकसानभरपाईची जबाबदारी मुळात मोटारमालकावर येते. जखमी मूल चौदा वर्षांखालील असेल तर जवळजवळ नेहमी पूर्णपणे, आणि प्रौढाची स्वतःची चूक असली तरी मोटारमालक पूर्ण निर्दोष ठरत नसेल तोवर निदान निम्मी. हा फौजदारी गुन्हा नाही, भरपाईचा आणि विम्याचा प्रश्न आहे. पण ज्याच्या हाती टनभर लोखंड आहे त्याच्यावर भार अधिक, हे न्यायाचे तत्त्व त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. मोटार तिच्यासाठी थांबली तेव्हा चालकाच्या रक्तातील संस्कृतीने ब्रेक दाबला असेलही. पण कायद्याने, वळणाच्या मुद्दाम अरुंद केलेल्या रचनेने आणि वाहनपरवान्याच्या परीक्षेनेही दाबला होता.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०२३ साली हॉलंडच्या रस्त्यांवर ६८४ मृत्यू झाले. लोकसंख्या दरम्यान १ कोटी ७८ लाखांवर गेली होती. चतुर्थांशाहून अधिक फेऱ्या सायकलने होतात आणि स्त्रिया पुरुषांपेक्षा काकणभर जास्तच सायकल चालवतात. स्त्रिया, मुले आणि वृद्ध ज्या रस्त्यावर निर्धास्तपणे दिसतात तो रस्ता चांगला, याहून सोपी परीक्षा नाही.

तरीही हॉलंडला स्वर्ग ठरवण्याचे कारण नाही. तेथे मोटारीही भरपूर आहेत आणि एकूण अंतर मोजले तर त्यातील बहुतांश मोटारीनेच कापले जाते. २०२२ साली रस्त्यांवर मेलेल्या ७४५ जणांपैकी २९१ सायकलस्वार होते, त्यांत वृद्धांचा भरणा मोठा. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतील पुष्कळ स्त्रियांना सायकल येत नाही. त्यांना शिकवण्याचे वर्ग स्वयंसेवक चालवतात. आणि ज्या निर्वेध सायकलमार्गांचे कौतुक चालले आहे त्यांवरूनच विजेच्या सायकलींवर खाद्यपदार्थांच्या पेट्या लादून परदेशी तरुण मिनिटांच्या हिशेबाने धावत असतात. त्यांना नोकर न म्हणता स्वतंत्र व्यावसायिक म्हणण्याची क्लृप्ती डिलिव्हरू या कंपनीने केली होती. हॉलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ते कंपनीचे नोकरच असल्याचा निर्णय दिला, पण तोवर कंपनी त्या देशातून गाशा गुंडाळून गेली होती. सायकल स्वतः समाजवादी नसते. तिच्यावर बसून कोण कोणासाठी राबते हा प्रश्न वेगळा विचारावाच लागतो.

आता मुलीच्या दुसऱ्या वाक्याकडे वळता येईल: आपल्या लोकांना शिस्त कधी येणार? तिच्या वडिलांनी सायकल सोडली ती बेशिस्तीमुळे नव्हे. महामार्गावरून कामावर जाताना दोनदा ते अवजड वाहनाखाली येता येता वाचले. मग कर्ज काढून त्यांनी जुनी मोटारसायकल घेतली. तिचा हप्ता आणि पेट्रोल मिळून महिन्याच्या पगाराचा जो भाग जातो, ती खरे पाहता पगारातील कपात आहे. ती मालकाने केलेली नाही, रस्त्याने केली आहे. कामगार संघटना पगारवाढीसाठी महिनोन्‌महिने झगडतात आणि मिळालेली वाढ पेट्रोल पंपावर रिकामी होते, याचा हिशेब मागण्यांच्या यादीत कधी येत नाही.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. हा लौकिक कोणा नियोजनकाराने मिळवून दिला नव्हता आणि कोणी नियोजनकाराने तो राखलाही नाही. २००६ नंतर केंद्राच्या पैशातून जलद बसमार्गांच्या कडेने सायकलमार्ग झाले. ते तुकड्यातुकड्यांचे, मध्येच विजेचा खांब, मध्येच टपरी, मध्येच काही नाही. हेग आणि टिलबर्ग येथे जे १९७० च्या दशकात उमगले ते येथे पुन्हा पैसे मोजून शिकावे लागले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सबंध शहराच्या सायकल आराखड्याला मंजुरी दिली. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली रस्तोरस्ती अवतरल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. आराखडा कागदावर राहिला. त्यानंतर २०२२ च्या मार्चपासून तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. म्हणजे रस्त्याच्या जागेची वाटणी करणारी संस्थाच लोकप्रतिनिधींविना होती. ग्रोनिंगेनच्या दुकानदारांना ज्याच्यावर चिडता येईल असा एक निवडून आलेला माणूस तरी होता.

दुसरीकडे, राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून खेड्यांतील मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देते. योजना उत्तम आहे. तिच्यामुळे कितीतरी मुलींची शाळा सुटली नाही. परंतु सायकल दिली आणि वाट दिली नाही. तालुक्याच्या हमरस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि भरधाव जीप यांच्या कडेने त्या बाराव्या-तेराव्या वर्षीच्या मुली जातात. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. यांतील एकेका मृत्यूची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते आणि तिचा मथळा ठरलेला असतो: अपघात.

कार्यकर्त्यांच्या चर्चेत असाही आक्षेप निघाला, की झोपडपट्टीत पाण्याचा नळ नसताना सायकलमार्गाची मागणी हे मध्यमवर्गाचे चोचले नाहीत काय? हा आक्षेप मनापासूनचा आहे. पण सकाळी पाच वाजता वर्तमानपत्रांचे गठ्ठे, दुधाच्या पिशव्या आणि गवंडीकामाची हत्यारे सायकलला बांधून कोण निघते, हे एकदा उभे राहून पाहिले की तो आपोआप मावळतो. रस्ता हे नगरपालिकेच्या मालकीचे सर्वांत मोठे आणि सर्वांत विषम वाटलेले धन आहे. दिवसभर एका जागी उभ्या राहणाऱ्या खासगी मोटारीला फुटपाथलगतची जागा फुकट मिळते. तेवढ्याच जागेत भाजी विकणाऱ्या बाईला महापालिकेची गाडी उचलून नेते. ॲमस्टरडॅमने २०१९ साली रस्त्यांवरील १०,००० हून अधिक मोटारतळांच्या जागा काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला, आणि उत्रेख्तने खंदकावरचा महामार्ग उखडून २०२० मध्ये तेथे पुन्हा पाणी सोडले. जे एकदा बांधले ते कायमचे, हा समज तेथे तरी खोटा ठरला आहे.

प्रत्येक प्रभागात किती फूट रुंदीचा रस्ता आहे, त्यांपैकी किती उभ्या मोटारींनी अडवला आहे, शाळेपासून वस्तीपर्यंत किती ठिकाणी मुलाला वाहनांच्या प्रवाहातून जावे लागते आणि गेल्या पाच वर्षांत कोणत्या वळणावर कोण मेले, एवढी नोंद पक्षाच्या शाखांनी करायला हवी. नगरपालिकेकडे ती एकत्रित सापडणार नाही. लांगेनहॉफच्या देशातील आयांनी धोक्याच्या चौकांचे नकाशे स्वतःच काढले होते. त्यासाठी एक मोजफीत, एक वही आणि वस्ती ओळखणारे दोन कार्यकर्ते लागतात. आणि चौकात तासभर उभे राहण्याची तयारी, शक्यतो सकाळी साडेसहाला, पहिल्या पाळीचा भोंगा होण्यापूर्वी.